भाड्याचा खेळाडू आणि आपला कप

कळमेश्वरवरून बोलतोय, म्हणजे इथे लिहितोय. ज्यांनी हा भाग कानात हेडफोन घालून ऐकला त्यांना माहीत आहे की मधे दोनदा मालगाडी गेली. ती इथे काढून टाकली आहे. बोलताना जे अर्धवट सुटलं होतं ते नीट बसवलंय. बाकी गोष्ट तीच.

सुरुवात आपल्याच मैदानापासून करतो. हिवाळ्यात आपल्या भागात टेनिस बॉलच्या टुर्नामेंट होतात, तुम्हाला सांगायला नको. २०१४ च्या हिवाळ्यात मी आमच्या टीमकडून खेळत होतो. मिडियम पेस. फार भारी नाही, पण लाइन सोडायचो नाही. साखळीच्या सगळ्या मॅच खेळलो, सेमीफायनल खेळलो. फायनलच्या संध्याकाळी आमचा कॅप्टन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "तू ह्या मॅचले बस."

मी म्हटलं, "काऊन?"

"काटोल साइडचा एक लेफ्टी आणला आहे. फास्ट टाकते. आपल्याले जिंकाचं आहे ना बे?"

त्याला पाचशे रुपये ठरले होते. पेट्रोल वेगळं, आणि मॅचनंतर सावजी. आम्ही अशा माणसाला 'भाड्याचा' म्हणायचो, तोंडावर नाही. शेवटच्या ओव्हरला समोरच्यांना ९ पाहिजे होते. त्याने ५ दिले. आम्ही ३ रनांनी जिंकलो. कपासोबतचा फोटो आहे, त्यात मधोमध तो उभा आहे, कप त्याच्याच हातात. मी त्या फोटोत नाही. मी तेव्हा स्टंप काढत होतो.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला आहे. कप कोणाचा? गावाचा, म्हणजे माझापण? की त्या पाचशे रुपयेवाल्याचा, जो जेवून रात्री साडेअकराला निघून गेला?

आजचा भाग विदर्भाच्या रणजी ट्रॉफीवर आहे, पण मला तो याच प्रश्नातून सांगायचा आहे. कारण हा प्रश्न फक्त आमच्या टीमचा नाही. पैसे घेऊन खेळणं सुरू झालं त्या दिवशीच तो सुरू झाला. आणि तो दिवस शोधायला थोडं लांब जावं लागतं, थेट अमेरिकेत. घाबरू नका, लवकर परत येऊ.

१८६९ साली सिनसिनाटी शहरात 'रेड स्टॉकिंग्ज' नावाची बेसबॉल टीम होती. लाल मोजे घालायचे म्हणून ते नाव. उघडउघड सगळ्याच खेळाडूंना पगार देणारी ही पहिली टीम. त्याआधी पैसे दिले जात नव्हते असं नाही, पण टेबलाखालून. इथे टेबलावर आले. टीम बांधणारा माणूस हॅरी राइट, आणि हा ऐका, हा मुळात क्रिकेटवाला. इंग्लंडमध्ये जन्मलेला, बाप पेशाने क्रिकेट खेळाडू, स्वतः न्यूयॉर्कच्या एका क्लबात पगारी क्रिकेटर. म्हणजे बेसबॉलची पहिली पगारी टीम बांधली एका क्रिकेटवाल्याने. त्या वर्षी ते एकही मॅच हरले नाहीत. शहराने डोक्यावर घेतलं. आणि त्या टीममध्ये मूळ सिनसिनाटीचा असा खेळाडू होता फक्त एक. बाकी सगळे बाहेरचे.

पुढच्या वर्षी ब्रुकलिनच्या टीमने त्यांना ८-७ असं हरवलं, लोकांचा उत्साह ओसरला, क्लबने पगार बंद केले. हॅरी राइट आपली काही माणसं घेऊन बोस्टनला गेला. सोबत 'रेड स्टॉकिंग्ज' हे नावसुद्धा घेऊन गेला! म्हणजे काल जे सिनसिनाटीचे हिरो होते ते आज बोस्टनचे. सिनसिनाटीच्या पोरांना काय वाटलं असेल, मला थोडंफार कळतं.

आणखी एक, मग आपल्याकडे वळू. १९०३ ची पहिली आधुनिक वर्ल्ड सिरीज. बोस्टन विरुद्ध पिट्सबर्ग, नऊपैकी पाच मॅच जिंकेल तो चॅम्पियन. पिट्सबर्ग ३-१ ने पुढे. तिथून बोस्टनने सलग चार मॅच काढल्या आणि ५-३ ने सिरीज नेली. आता पैशाचा हिशोब बघा. पिट्सबर्गच्या मालकाने स्वतःचा वाटासुद्धा खेळाडूंच्या वाट्यात टाकला. बोस्टनच्या मालकाने टाकला नाही. शेवटी हरलेल्या पिट्सबर्गच्या प्रत्येक खेळाडूला मिळाले १३१६ डॉलर आणि जिंकलेल्या बोस्टनच्या खेळाडूला ११८२. जिंकणाऱ्याला कमी! हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

आता घरी या. आपला भाग तेव्हा सेंट्रल प्रोव्हिन्सेसमध्ये होता आणि ३१ ऑक्टोबर १८९५ ला नागपुरात एक मुलगा जन्मला. घराणं मूळ तेलुगू, जन्म आणि खेळ नागपूरचा. कोट्टारी कनकैया नायडू. सी. के. नायडू. १९३२ ला लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला, तेव्हाचा कर्णधार. १९२६ ला मुंबईत एमसीसीविरुद्ध १५३ काढल्या होत्या, त्यात ११ सिक्स. आजच्या बॅटने नाही, तेव्हाच्या बॅटने.

पण हा नागपूरचा माणूस कप कोणासाठी जिंकला? इंदूरच्या होळकरांसाठी. १९२३ ला होळकर महाराजांनी त्यांना इंदूरला बोलावून घेतलं, संस्थानाच्या फौजेत हुद्दा दिला, आणि नायडू तिकडचेच झाले. त्या काळी संस्थानिक कंत्राटावर सही घेत नव्हते. नोकरी द्यायचे, हुद्दा द्यायचे, घर द्यायचे. शब्द वेगळे, व्यवहार तोच. होळकरांच्या टीममध्ये मुश्ताक अली होते. युद्धकाळात भारतात असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनसुद्धा एक फायनल खेळून गेला. १९४४-४५ ची ती फायनल, मुंबईविरुद्ध. मुंबई ४६२ आणि ७६४, होळकर ३६० आणि ४९२. कॉम्प्टनच्या नाबाद २४९, तरी होळकर ३७४ धावांनी हरले. पुढच्याच मोसमात, १९४५-४६ ला, त्यांनी बडोद्याला ५६ धावांनी हरवून पहिली रणजी जिंकली. नायडू तेव्हा पन्नास वर्षांचे होते आणि कर्णधार होते. होळकरांनी एकूण चार वेळा कप नेला.

नागपूरचा माणूस, इंदूरचा कप. ही गोष्ट सुरुवातीला मला टोचायची. आता तेवढी टोचत नाही. का ते पुढे येईलच.

विदर्भ या नावाने आपली टीम १९५७-५८ पासून रणजी खेळते. साठ वर्षं. या साठ वर्षांत आपण काय होतो? खरं सांगायचं तर ज्यांच्याविरुद्ध मोठ्या टीम आपली सरासरी सुधारून घ्यायच्या, ते आपण. नागपुरात कसोटी सामने १९६९ पासून होत होते, म्हणजे दुसऱ्यांचा खेळ बघायला मैदान होतं. २००८ ला जामठ्याचं स्टेडियम झालं. आपल्या शेजारचा, वलनीच्या कोळसा खाणीच्या वस्तीतला उमेश यादव २०११ ला भारताकडून कसोटी खेळला. विदर्भातून कसोटी खेळणारा तो पहिला. टेनिस बॉलवरून आलेला पोरगा! त्या वर्षी आमच्या मैदानावर प्रत्येकजण फास्ट टाकायला लागला होता, माझ्यासकट. लाइन तेवढी गेली.

आणि याच काळात विदर्भाने बाहेरून खेळाडू आणायला सुरुवात केली. रणजीत याला चक्क 'प्रोफेशनल' असाच शब्द आहे. स्वतःच्या असोसिएशनची ना हरकत घेऊन दुसऱ्या राज्याकडून करारावर खेळणारा. एका टीमला असे जास्तीत जास्त तीन घेता येतात. तमिळनाडूचा बद्रिनाथ एक मोसम आला. कर्नाटकचा गणेश सतीश आला आणि राहिला. मुंबईचा वसीम जाफर आला, तेव्हा मुंबईकडून आठ रणजी जिंकून झालेल्या होत्या. २०१७ ला प्रशिक्षक म्हणून आले चंद्रकांत पंडित, तेही मुंबईचे. त्याच वर्षी जानेवारीत पंडित मुंबईचे प्रशिक्षक असताना मुंबई इंदूरच्या होळकर स्टेडियमवर गुजरातविरुद्ध फायनल हरली होती. होळकर स्टेडियम. नाव लक्षात ठेवा.

तर २०१७ चा डिसेंबर. सेमीफायनल, कोलकात्याचं ईडन गार्डन्स, समोर कर्नाटक. त्यांच्याकडे भारताकडून खेळलेल्यांची रांग. आपण पहिल्या डावात १८५ वर ऑलआऊट. त्यांचे ३०१. त्यात एकट्या करुण नायरच्या १५३. (हे नाव पण लक्षात ठेवा. आज तुम्हाला बरंच लक्षात ठेवायला लावतोय, माहीत आहे.) करुण नायर म्हणजे वर्षभरापूर्वी चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ काढणारा. सेहवागनंतर कसोटीत तिहेरी शतक काढणारा दुसरा भारतीय.

११६ धावांनी मागे. इथे विदर्भाची जुनी टीम संपली असती. पण दुसऱ्या डावात ३१३ झाल्या, आणि सगळ्यात जास्त कोणाच्या? गणेश सतीशच्या, ८१. कर्नाटकात जन्मलेला, कर्नाटककडून खेळलेला माणूस, कर्नाटकविरुद्ध, विदर्भासाठी. त्याच्या खालोखाल नागपूरच्या आदित्य सरवटेच्या ५५. कर्नाटकला जिंकायला १९८ हव्या होत्या.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कर्नाटक ७ बाद १११. ८७ धावा बाकी, तीन विकेट बाकी. त्या रात्री मी झोपलो नाही असं म्हणणार नाही, झोपलो, पण पहाटेच उठलो. २१ डिसेंबर, गुरुवार. कॉलेजला जायला कळमेश्वर ते नागपूर एसटी. मोबाइलवर स्कोअर. आपल्या रस्त्यावर नेटवर्क कुठे जातं आणि कुठे येतं ते तुम्हाला तोंडपाठ आहे. त्या दिवशी प्रत्येक वेळी नेटवर्क गेलं की पोटात गोळा यायचा.

विनय कुमार, त्यांचा कर्णधार, ३६ करून गेला. वाटलं झालं. मग मिथुन आला आणि त्याने धुवायला सुरुवात केली. ३३ काढल्या. समोर श्रेयस गोपाल शांत उभा. हव्या असलेल्या धावा ऐंशीवरून पन्नासवर, पन्नासवरून वीसवर, वीसवरून दहाच्या आत. आणि दुसऱ्या बाजूने एकच माणूस टाकून राहिला होता, रजनीश गुरबानी. इंजिनिअरिंग केलेला, त्या मोसमाआधी नागपुराबाहेर फारसं कोणाला नाव माहीत नसलेला पोरगा. बाजूला उमेश यादवसारखा कसोटी बोलर होता, आणि सकाळच्या तिन्ही विकेट घेतल्या गुरबानीने. मिथुन गेला. शेवटचा अरविंद गेला. श्रेयस गोपाल २४ वर नाबाद तसाच उभा राहिला. कर्नाटक १९२. विदर्भ ५ धावांनी जिंकला.

पाच धावा. म्हणजे पाच दिवसांच्या मॅचमध्ये एक चौका आणि एक सिंगल. गुरबानीचे दुसऱ्या डावात ६८ मध्ये ७, मॅचमध्ये १२.

एसटीत मी ओरडलो. कंडक्टरने विचारलं काय झालं. सांगितलं. ते म्हणाले, "विदर्भ? फायनलले?" आणि दोनदा विचारून खात्री केली. त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. साठ वर्षांत असं काही झालंच नव्हतं.

फायनल २९ डिसेंबरपासून, इंदूरला. होळकर स्टेडियमवर! ज्या संस्थानाने नागपूरचा नायडू नेला, त्याच्या नावाच्या मैदानावर. समोर दिल्ली, कर्णधार ऋषभ पंत. उमेश नव्हता, तो भारताच्या टीमबरोबर दक्षिण आफ्रिकेला. त्याच्या जागी आदित्य ठाकरे नावाचा पोरगा. एकोणीस वर्षांखालच्या गटातला, आणि आयुष्यातली पहिली फर्स्ट क्लास मॅच थेट रणजी फायनल. नावावरून मीम्स व्हायचे ते झाले.

दिल्लीच्या ध्रुव शोरीने १४५ काढल्या. मग गुरबानीने एका ओव्हरच्या शेवटच्या दोन बॉलवर दोन आणि पुढच्या ओव्हरच्या पहिल्या बॉलवर शोरीलाच, अशी हॅट्ट्रिक घेतली. तिघेही त्रिफळाचीत. रणजी फायनलमधली ही फक्त दुसरी हॅट्ट्रिक. पहिली तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची, १९७२-७३ ची. दिल्ली २९५. मग आपण ५४७. कर्णधार फैज फजल ६७, जाफर ७८, सरवटे ७९, सिद्धेश नेरळ ७४, आणि कीपर अक्षय वाडकर १३३. वाडकरचं हे पहिलंच फर्स्ट क्लास शतक. फायनलमध्ये. दिल्ली दुसऱ्या डावात २८०, अक्षय वखरेच्या चार विकेट. आपल्याला २९ हव्या होत्या. १ जानेवारी २०१८, नऊ विकेटने जिंकलो. शेवटी खेळपट्टीवर जाफर होता, नाबाद १७.

त्या संध्याकाळी स्टेशनच्या बाजूच्या टपरीवर गर्दी होती. फटाके कोणी नवीन वर्षाचे वाजवत होते की विदर्भाचे, कळायला मार्ग नव्हता. आणि तिथे एक काका, दरवेळी काहीतरी खुसपट काढणारे, ते चहा ओतून पिता पिता म्हणाले,

"मले एक सांग. जाफर कुठचा?"

"मुंबईचा."

"सतीश?"

"कर्नाटकचा."

"आणि पंडित?"

"मुंबईचे."

"मंग? आपलं काय त्यात? भाड्यानं आणले आणि जिंकले."

मला उत्तर सुचलं नाही. सुचलं असतं तरी देता आलं नसतं, कारण तीन वर्षं मी माझ्या टीमच्या कपाबद्दल हेच म्हणत होतो. बाबा सोबत होते. बाबा एमआयडीसीत कामाला. ते मूळ वर्ध्याकडचे, लग्नाआधी नोकरीसाठी इथे आले. त्यांना क्रिकेटचं फारसं नाही. ते फक्त म्हणाले, "मीपण पगारासाठीच आलो होतो कळमेश्वरले." काका हसले, विषय दुसरीकडे गेला.

मग काही दिवसांनी एक बातमी आली आणि मी ती सगळ्यात आधी त्या काकांना वाचून दाखवली. आदल्या मोसमात जाफर दुखापतीमुळे खेळू शकला नव्हता. तरी विदर्भ क्रिकेट असोसिएशनने करारातले पैसे त्याला दिले. म्हणून पुढच्या मोसमात, म्हणजे या कपाच्या मोसमात, तो फी न घेता खेळला. ऐकलं का? ज्याला आपण भाड्याचा म्हणत होतो तो त्या वर्षी फुकट खेळत होता. १९०३ च्या त्या पिट्सबर्गच्या मालकाची आठवण मला इथे येते. हिशोब कागदावर एक असतो आणि माणसं कधीकधी दुसराच करतात.

काका वाचून म्हणाले, "हं." एवढंच. पण पुढच्या वर्षी जामठ्याला फायनल होती तेव्हा तेच सकाळी मला फोन करून विचारत होते की आपल्या जाफरचे किती झाले.

ती २०१८-१९ ची फायनल पटकन सांगतो, कारण तिच्यावर वेगळा भाग करायचा आहे. समोर सौराष्ट्र. आपण ३१२, ते ३०७. फक्त ५ धावांची आघाडी, परत तोच पाचचा आकडा! सरवटेने दोन्ही डाव मिळून ११ विकेट घेतल्या आणि चेतेश्वर पुजाराला १ आणि ० वर घालवलं. सौराष्ट्रला २०६ हव्या होत्या, १२७ वर संपले. ७८ धावांनी विजय. जाफरने त्या मोसमात हजारावर धावा केल्या, वयाच्या चाळिशीत. एकदा जिंकलं तर लोक नशीब म्हणतात, दुसऱ्यांदा म्हणायला जरा जड जातं.

आता खरी गंमत. मला हा भाग करावासा वाटला तो यामुळे.

करुण नायर, ज्याने २०१७ च्या सेमीफायनलमध्ये आपल्याला १५३ ठोकल्या होत्या, त्याचे पुढे वाईट दिवस आले. भारताच्या टीममधून गेला. मग कर्नाटकच्या टीममधूनही गेला. तिहेरी शतकवाला माणूस घरी बसला. २०२३-२४ च्या मोसमात तो आला कुठे? विदर्भाकडे, प्रोफेशनल म्हणून. त्या वर्षी वानखेडेवर फायनल हरलो मुंबईशी. ५३८ च्या पाठलागात ३६८ पर्यंत गेलो, कर्णधार वाडकरने शतक काढलं, पण हरलो.

आणि २०२४-२५ ला आपला आदित्य सरवटे कुठे गेला? केरळकडे. प्रोफेशनल म्हणून.

केरळ कधीच फायनलला गेलं नव्हतं. त्या वर्षी गेलं, आणि कसं गेलं ते ऐका. रणजीच्या बाद फेरीत मॅच ड्रॉ झाली की पहिल्या डावात ज्याची आघाडी तो पुढे. क्वार्टर फायनलला जम्मू-काश्मीरविरुद्ध केरळची आघाडी एका धावेची. एक! सेमीफायनलला गुजरातविरुद्ध केरळ ४५७, आणि गुजरात ४५५ वर असताना शेवटच्या जोडीतल्या नागवासवालाने जोरात मारलं, बॉल शॉर्ट लेगच्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि मागे सचिन बेबीने झेलला. आऊट. दोन धावांची आघाडी. तो बॉल टाकणारा कोण? नागपूरचा सरवटे.

म्हणजे केरळला त्यांच्या इतिहासातल्या पहिल्या फायनलमध्ये नेऊन सोडलं आपल्या पोराने. आणि फायनल होती जामठ्याला, विदर्भाविरुद्ध. इकडून खेळणार कर्नाटकचा करुण, तिकडून खेळणार नागपूरचा सरवटे. मला आमचा मैदानाचा कॅप्टन आठवला. त्याला हे नियोजन आवडलं असतं.

विदर्भ ३७९. त्यात दानिश मालेवारच्या १५३. हा तर अगदी नवा पोरगा, त्याचा पहिलाच मोसम. करुण ८६ वर रनआऊट. केरळकडून सरवटेने ७९ काढल्या, म्हणजे बोलर म्हणून नेलेल्या माणसाने बॅटने आपल्या नाकात दम आणला. सचिन बेबी ९८ वर गेला, शतकाला दोन कमी, आणि केरळ ३४२ वर संपलं. आपली आघाडी ३७. तो मोसम हर्ष दुबेचाही होता, ६९ विकेट, एका रणजी मोसमात इतक्या कोणीच घेतल्या नव्हत्या. आणि यश राठोडच्या ९६० धावा. दोघंही विदर्भाचेच.

शेवटच्या दिवशी, २ मार्चला, रविवार होता. आम्ही तिघं एका बाइकवर नाही, दोन बाइकवर (आई हे ऐकते) अख्खं नागपूर ओलांडून जामठ्याला पोचलो. करुण आदल्या दिवशीच्या १३२ वर खेळत होता. आघाडी आपली, मॅच ड्रॉ झाली तरी कप आपला, त्यामुळे सगळे निवांत. तीनच धावा जोडल्या आणि करुण पुढे येऊन चुकला. कीपरने बेल्स उडवल्या. यष्टीचीत. बोलर सरवटे.

कर्नाटकचा माणूस विदर्भासाठी १३५ काढून परत चालला होता, आणि त्याला आऊट करणारा नागपूरचा माणूस केरळच्या टोपीत उभा होता. आमच्या रांगेत सगळे उभे राहिले. टाळ्या वाजत होत्या. माझा मित्र माझ्या कानात म्हणाला, "कोणासाठी वाजवून राहिला बे?"

मी वाजवत राहिलो. त्या क्षणी सांगता आलं नसतं कोणासाठी. थोड्या वेळाने आपण ९ बाद ३७५ वर असताना मॅच ड्रॉ झाली आणि वाडकरने कप उचलला. २०१८ ला इंदूरमध्ये पहिलं शतक काढणारा पोरगा आता कर्णधार. फोटोत करुण होता. तो तर भारताच्या टीममध्येसुद्धा परत गेला त्यानंतर, इंग्लंडला, आणि मग परत कर्नाटकलाही गेला. फोटोत सरवटे नव्हता. फोटोत नसण्याबद्दल मला थोडी माहिती आहे, म्हणून तेवढं शोधलं मी.

घरी येताना आमच्या जुन्या कॅप्टनकडे थांबलो. २०१४ चा कप त्याच्या टीव्हीच्या बाजूला आहे. आता त्यात चार्जर, नेलकटर आणि एक जुनं सिमकार्ड असतं. मी त्या काटोल साइडच्या लेफ्टीचं नाव विचारलं. त्यालापण आठवलं नाही. अकरा वर्षं आम्ही त्याला 'भाड्याचा'च म्हणत होतो. कॅप्टनने दोन-तीन फोन लावले, कोणाकडून तरी नंबर मिळाला. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी मी त्याला कॉल केला. ट्रॅक्टरच्या आवाजात फारसं ऐकू आलं नाही. मॅच त्याला आठवत होती. शेवटच्या ओव्हरचा तिसरा बॉल यॉर्कर पडला होता, हेसुद्धा. फोटो मागितला त्याने. त्याच्याकडे तो फोटो नव्हता. पाठवला.

तुमच्या गावात भाड्याचा प्लेअर किती घेतो, आणि कोणाला बसवून तो खेळला, व्हॉइस नोट पाठवा. बसलेल्यांच्या आधी ऐकीन. पुढच्या भागात २०१९ ची सौराष्ट्रवाली फायनल, पुजाराच्या त्या दोन विकेटसकट. भेटू.